टायलर, मिनेसोटा: रुळांमुळे झालेलं गाव डॅनिश कसं झालं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मिनिॲपोलिसहून साऊथ डाकोटाकडे गाडीने जात होता. वाटेत टायलर नावाचं जेमतेम अकराशे वस्तीचं गाव लागलं. गावात रूळ, रुळांकडेला धान्याच्या उंच कोठ्या, असं नेहमीचं चित्र. पण दक्षिणेच्या टोकाला एक वेगळाच परिसर दिसला: पांढरं चर्च, गोट्यांच्या दगडांत बांधलेला एक हॉल, विटांची मोठी शाळा आणि लाल कापडावर पांढरा क्रूस असलेला झेंडा. पाटीवर नाव होतं ‘डॅनेबोड’. तुम्ही विचारलंय की ही डॅनिश मंडळी या माळरानात कुठून आली, आणि हे गाव रेल्वेने वसवलं असं म्हणतात ते कितपत खरं.

मी गेली सत्तावीस वर्षं मिनेसोटात जमीन मोजणीचं काम करतो. त्याआधी सहा वर्षं सातारा जिल्ह्यात हेच काम केलं. त्यामुळे मला कुठल्याही गावाचा इतिहास आधी नकाशात दिसतो, मग पुस्तकात. टायलरचा नकाशा उघडला की दोन गावं एकाला एक चिकटलेली दिसतात. एक रुळांसाठी आखलेलं, दुसरं चर्च आणि शाळेभोवती उभं राहिलेलं. पहिलं १८७९चं, दुसरं १८८६नंतरचं. पहिलं कंपनीने केलं, दुसरं लोकांनी. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या दोघांमधल्या व्यवहारात आहे.

सुरुवात जमिनीपासून करायला हवी, आणि ती जमीन रिकामी नव्हती हेही सांगायला हवं. मिनेसोटाचा हा नैऋत्य भाग डाकोटा या आदिवासी लोकांचा. १८५१च्या ट्रॅव्हर्स दे सू इथल्या तहाने त्यांच्याकडून तो अमेरिकन सरकारकडे गेला. १८६२मध्ये सरकारशी झालेल्या युद्धानंतर डाकोटांना राज्यातूनच हाकलून दिलं गेलं. टायलरच्या दक्षिणेला पाइपस्टोन इथे लाल दगडाची खाण आहे. पवित्र चिलमीसाठी आदिवासी लोक शेकडो वर्षं तिथून दगड काढत आले, आजही काढतात. पुढे जे डॅनिश कुटुंब ‘नवी जमीन’ म्हणून नांगरायला आलं, त्याच्या पायाखाली हा सगळा इतिहास होता. मोजणीचे जुने कागद चाळताना मला तो कधीच विसरता येत नाही, कारण पहिल्या मोजणीची साखळी त्या तहानंतरच या माळावर पडली.

सरकारी मोजणीची पद्धत साधी आणि कडक होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौरस, त्याला टाउनशिप म्हणतात. त्याचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. या भागाला सेक्शन म्हणतात. १ ते ३६ असे त्यांना आकडे. आपल्याकडे नदी, ओढा, बांध, पाऊलवाट बघून शिवार ठरलं आणि मोजणी नंतर आली. इथे आधी रेघा पडल्या आणि माणसं त्या रेघांवर येऊन बसली. या भागात झाडं नव्हती, म्हणून कोपऱ्याच्या खुणेसाठी झाडाला खाच पाडायची सोयही नव्हती. मोजणीदार खुंटी ठोकून तिच्याभोवती मातीचा ढीग रचत आणि बाजूला खड्डे खणत. त्या खुंट्या केव्हाच कुजल्या. आज आम्ही तो कोपरा शोधतो तेव्हा बहुतेक वेळा दोन मातीच्या रस्त्यांच्या चौकात, खडीखाली हात-दीड हात खणावं लागतं. मग कधी नंतर पुरलेला दगड लागतो, कधी लोखंडी नळी. ती हाताला लागली की मला अजूनही आनंद होतो, कारण आजूबाजूच्या चार शेतकऱ्यांचा सगळा हिशोब त्या एका बिंदूवर टेकलेला असतो.

आता रेल्वे. १८५७मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मिनेसोटातल्या रेल्वेमार्गांसाठी जमीन देण्याचा कायदा केला. मार्गाच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंतचे विषम आकड्यांचे सेक्शन, म्हणजे १, ३, ५, ७ असे, रेल्वेला. १८६५मध्ये ते अंतर वाढवलं. सम आकड्यांचे सेक्शन सरकारकडे राहिले. त्यातले १६ आणि ३६ शाळांसाठी राखीव होते, बाकीच्यांवर १८६२च्या होमस्टेड कायद्याने कुणीही पाच वर्षं राहून १६० एकरांपर्यंत जमीन आपल्या नावावर करून घ्यायची. नकाशावर हे हुबेहूब बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं: काळं घर रेल्वेचं, पांढरं सरकारचं. या भागात जमीन मिळाली ती विनोना अँड सेंट पीटर या कंपनीला, जी पुढे शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नच्या छत्राखाली होती. कंपनीने १८७३मध्ये मार्शलवरून पुढे डाकोटातल्या कॅम्पेस्का तळ्यापर्यंत रूळ टाकले आणि जमिनीवरचा हक्क पक्का केला.

पण जमीन हातात आली त्याच वर्षी दोन संकटं आली. १८७३च्या मंदीत बँका बुडाल्या, आणि १८७३ ते १८७७ अशी पाच वर्षं टोळधाडीने नैऋत्य मिनेसोटा खाऊन टाकला. गहू, भाजीपाला, अंगणातलं गवत, काही राहिलं नाही. लोक गाड्या जुंपून पूर्वेला परतले. अशा ठिकाणची जमीन घेणार कोण? आणि माणसं नसतील तर मालगाड्यांत भरणार काय? रेल्वेकंपनीला जमिनीच्या किमतीपेक्षा पुढच्या पन्नास वर्षांच्या वाहतुकीत जास्त रस होता, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. एका शेतकऱ्याचा गहू, जनावरं, लोणी बाहेर जाणार. त्याचं लाकूड, कोळसा, नांगर, साखर आत येणार. दोन्ही वेळा भाडं कंपनीला.

१८७९मध्ये ट्रेसीपासून पश्चिमेला दुसरा फाटा निघाला. बॅलटन, टायलर, लेक बेंटन करत तो डाकोटात शिरला आणि १८८०मध्ये मिझुरी नदीकाठी पिअरला पोचला. टायलर हे या फाट्यावरचं एक ठाणं. अशा मार्गांवर साधारण सात-दहा मैलांवर स्टेशन देण्याची पद्धत होती, म्हणजे घोडागाडीत धान्य भरून आलेला शेतकरी त्याच दिवशी घरी परतू शकेल. नावात डॅनिश काही नाही, टायलर हे इंग्रजी आडनाव. गाव झालं आणि लगेच १८८०–८१चा तो भयंकर हिवाळा आला. ऑक्टोबरातच हिमवादळ झालं, आणि जानेवारीनंतर ट्रेसीच्या पश्चिमेला गाड्या महिनोन् महिने बंद राहिल्या. रुळांवर जगणाऱ्या वस्त्यांचं काय होतं ते त्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं. जळणाला कोळसा नाही, म्हणून लोकांनी वाळलेल्या गवताचे पीळ करून चुलीत घातले.

तर १८८०च्या दशकाच्या मध्यावर चित्र असं: स्टेशन आहे, चार दुकानं आहेत, कंपनीचे विषम सेक्शन मोठ्या प्रमाणात पडून आहेत. इथे डॅनिश मंडळी येतात.

डेन्मार्कमधून लोक का निघाले? पोटासाठी, हे उघडच. १८७०नंतर अमेरिकेचंच स्वस्त धान्य युरोपात येऊन तिथले भाव पडले. लहान जमीनवाल्यांचे आणि शेतमजुरांचे हाल झाले. पण आणखी एक जखम होती. १८६४च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रियाने डेन्मार्कचा पराभव केला आणि श्लेस्विग घेतलं. उत्तर श्लेस्विगमधले डॅनिश भाषक एका रात्रीत परक्या राज्याचे झाले, आणि त्यांच्या मुलांना प्रशियाच्या सैन्यात भरती व्हावं लागलं. भाषा हरवते म्हणजे काय, हे ती माणसं घरातून शिकून आली होती.

त्यात ग्रुंडविग यांचा प्रभाव. एन. एफ. एस. ग्रुंडविग हे पाद्री, कवी, विचारवंत. १७८३ ते १८७२ असं दीर्घ आयुष्य जगले. शेतकऱ्यांच्या मुलांना लॅटिन घोकायला लावू नका, त्यांना त्यांच्याच भाषेत, गाण्यांतून, इतिहासातून, बोलण्यातून जागं करा, अशी त्यांची धारणा होती. त्यातून लोकविद्यालयं निघाली. परीक्षा नाही, पदवी नाही. पहिलं १८४४मध्ये रेडिंगला. ते गाव १८६४नंतर प्रशियाकडे गेलं, म्हणून शाळा नव्या सीमेच्या उत्तरेला आस्कोव्हला नवी सुरू झाली. हे आस्कोव्ह नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

अमेरिकेत आलेल्या डॅनिश लोकांची संख्या स्वीडिश किंवा नॉर्वेजियन लोकांच्या मानाने फार कमी. ते विखुरले, शेजारच्या मुलामुलींशी लग्नं झाली, दुसऱ्या पिढीत भाषा गेली. डॅनिश लुथरन चर्चमधल्या पाद्र्यांना ही गळती दिसत होती. म्हणून त्यांनी एक समिती नेमली आणि एकगठ्ठा वस्ती करता येईल अशी जमीन शोधायला पाठवलं. १८८५मध्ये रेल्वेकंपनीशी करार झाला: लिंकन काउंटीत टायलरच्या आसपासची ३५,००० एकर जमीन तीन वर्षं फक्त डॅनिश लोकांनाच विकायची. चर्चने लोकांना विश्वास दिला. कंपनीला एकाच वेळी कष्टाळू, कुटुंबवत्सल, टिकून राहणारी गिऱ्हाइकं मिळाली.

इथे माझ्या धंद्यातला हिशोब करून बघा. ३५,००० भागिले ६४०, म्हणजे साधारण ५५ सेक्शन. एका टाउनशिपमध्ये विषम सेक्शन फक्त अठरा. म्हणजे ही ‘एकगठ्ठा’ जमीन किमान तीन टाउनशिपांवर पसरलेली, आणि तीही पटावरच्या एका रंगाच्या घरांसारखी, एक सोडून एक. मधली सम घरं होमस्टेडवाल्यांची, म्हणजे कुणाचीही. आपल्या गावठाणासारखी घराला घर लागून वस्ती इथे होणंच शक्य नव्हतं. प्रत्येक कुटुंब आपल्या शेतात, शेजारी अर्ध्या मैलावर, आणि तो शेजारी डॅनिशच असेल याची खात्री नाही. या वसाहतीबद्दल लिहिणारे ‘डॅनिश लोक एकत्र राहिले’ असं सहज लिहून जातात. जमिनीने त्यांना एकत्र ठेवलंच नव्हतं. एकत्र येण्यासाठी त्यांना एक जागा मुद्दाम बांधावी लागली. ती जागा म्हणजे डॅनेबोड.

नाव त्यांनी विचारपूर्वक निवडलं. दहाव्या शतकातल्या गोर्म राजाची राणी थ्युरा. येलिंग इथल्या लहान शिलालेखात राजाने तिच्यासाठी जे शब्द कोरले आहेत त्यांचा अर्थ ‘डेन्मार्कचं भूषण’ असा लावतात, आणि डागडुजी करणारी, तुटलेलं सांधणारी असाही लावतात. दक्षिणेकडून येणाऱ्या शत्रूला रोखायला तिने तटबंदी बांधली अशी दंतकथा आहे. श्लेस्विग गमावलेल्या लोकांनी माळावरच्या आपल्या जागेला या राणीचं नाव द्यावं, यातलं दुःख आणि उमेद दोन्ही मला फार जवळची वाटतात.

१८८६मध्ये मंडळी जमून चर्चची रीतसर स्थापना झाली. आता क्रम बघा. चर्चची आजची इमारत १८९५ची. त्याच्या सात वर्षं आधी, १८८८मध्ये, लोकविद्यालय सुरू झालं. १८८९मध्ये दगडी हॉल. म्हणजे देवळाआधी शाळा आणि सभागृह. पैसे थोडे असताना माणूस आधी काय बांधतो, त्यावरून त्याला काय महत्त्वाचं वाटतं ते कळतं.

तो दगडी हॉल जवळून बघाच. दगड खाणीतले नाहीत, शेतातले आहेत. हिमनद्यांनी हजारो वर्षांपूर्वी आणून टाकलेले गोल, घासलेले धोंडे. लालसर, काळे, करडे, ठिपक्यांचे. इथे दर वसंतात बर्फ वितळलं की जमीन नवे धोंडे वर ढकलते आणि नांगर अडतो. शेतकऱ्यांनी ते वेचून गाड्यांतून आणले. वर्षभर ज्या दगडांनी पाठ मोडली, त्यांचीच भिंत केली. मी एकदा मोजणीच्या कामाने गेलो होतो तेव्हा त्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभा होतो. दगडांमधल्या फटी एकसारख्या नाहीत, कुठे बोटभर, कुठे चार बोटं, कारण प्रत्येक धोंड्याचा आकार वेगळा.

शाळेत हिवाळ्यात मुलगे, उन्हाळ्यात मुली, असा डेन्मार्कमधला रिवाज. शेतीची कामं संभाळून जेवढे महिने मिळतील तेवढे. इतिहास, गाणी, व्याख्यानं, इंग्रजी, हिशोब, शिवण, आणि कवायत. कवायतीसाठी १९०४मध्ये स्वतंत्र व्यायामशाळा बांधली. मूळ शाळा जळाली, तेव्हा १९१७मध्ये सध्याची विटांची इमारत उभी केली.

पैशाची बाजू लोण्याने सावरली. या भागात गव्हाचं एकच पीक घेणं धोक्याचं ठरलं होतं. डेन्मार्कमध्ये १८८२मध्ये येडिंगला पहिली सहकारी डेअरी निघाली होती, आणि १८९०मध्ये मिनेसोटातल्या क्लार्क्स ग्रोव्ह इथल्या डॅनिश शेतकऱ्यांनी त्याच धर्तीवर सहकारी क्रीमरी, म्हणजे लोणी काढायचा कारखाना, काढली. राज्यभर तिचं अनुकरण झालं. साय काढायचं यंत्र आणि बर्फाच्या थंड डब्यांची मालगाडी या दोन गोष्टींशिवाय ते जमलं नसतं. आपल्याकडच्या सहकारी दूध संघांत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. १८९४मध्ये अमेरिकेतलं डॅनिश चर्च फुटलं. एका बाजूला ग्रुंडविगवाले, गाणी-नाच-नाटक मानणारे. दुसऱ्या बाजूला पापपुण्याबाबत कडक असलेले. लोक त्यांना ‘आनंदी डेन’ आणि ‘पवित्र डेन’ म्हणत. टायलर पहिल्या बाजूचं.

मग १९१८. २१ ऑगस्टच्या रात्री चक्रीवादळ गावावरून गेलं. ३६ माणसं मेली. एवढ्याशा गावात ३६ म्हणजे ओळखीचं नाही असं एकही नाव नसणार. त्याच काळात पहिल्या महायुद्धामुळे परक्या भाषांबद्दल संशय पसरला होता. शेजारच्या आयोवात तर गव्हर्नरने मे १९१८मध्ये फर्मान काढून सार्वजनिक जागी, शाळेत, चर्चमध्ये, अगदी टेलिफोनवरही इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायला बंदी केली. तिथल्या डॅनिश वस्त्यांना त्याची झळ बसली. प्रशियाने श्लेस्विगमध्ये जे केलं ते आठवणारी म्हातारी माणसं तेव्हा हयात होती. युद्धानंतर भाषा झपाट्याने मागे पडली, शाळेतली मुलंही घटत गेली.

टायलरची कल्पना मात्र इतरत्र रुजली. एन. एफ. एस. ग्रुंडविग यांचे पुत्र फ्रेडरिक लांगे ग्रुंडविग आयोवात पाद्री होते. त्यांच्या पुढाकाराने १८८७मध्ये ‘डान्स्क फोल्केसामफुंड’ (डॅनिश लोकसमाज) ही संस्था निघाली, आणि तिने टेक्सासातलं डानेवांग, मोंटानातलं डॅगमार अशा वसाहती केल्या. मिनेसोटातच पाइन काउंटीत ग्रेट नॉर्दर्न रेल्वेवर पार्ट्रिज नावाचं ठाणं होतं. १ सप्टेंबर १८९४च्या हिंकलीच्या वणव्यात ते जळून गेलं. १९०६च्या सुमारास संस्थेने तिथे डॅनिश शेतकरी आणले आणि गावाचं नाव बदलून ठेवलं: आस्कोव्ह. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं तेच. सीमा हलली म्हणून नवी निघालेली शाळा, आणि तिचं नाव जळक्या जंगलातल्या स्टेशनला. टायलरमध्ये लहानाचा मोठा झालेला हियाल्मार पीटरसन, जन्म डेन्मार्कच्या फ्यून बेटावरचा, १९१४मध्ये या आस्कोव्हला गेला. तिथे त्याने ‘आस्कोव्ह अमेरिकन’ हे वर्तमानपत्र काढलं. १९३६मध्ये गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन वारले तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर असलेले पीटरसन चारेक महिने मिनेसोटाचे गव्हर्नर झाले.

डॅनेबोडची शाळा बंद पडून पडकी झाली असती. पण १९४६पासून पाद्री एनोक मॉर्टेनसेन यांनी तिथे उन्हाळी संमेलनं सुरू केली. घरंच्या घरं येऊन आठवडाभर राहतात, गातात, नाचतात, ऐकतात. भाषा आता इंग्रजी, पण पद्धत जुनीच.

जुलैत गेलात तर गावात एब्लस्किव्हर या डॅनिश खाद्यपदार्थाचा उत्सव असतो. पहिल्यांदा ते तवे बघितले तेव्हा मी थबकलोच: बिडाचं, सात खळग्यांचं आप्पेपात्र! मैदा, अंडी, ताक यांचं पीठ खळग्यात सोडतात. कड धरली की विणकामाच्या सुईने चतकोर फिरवतात, मग पुन्हा चतकोर, आणि बघता बघता वाटीचा गोळा होतो. वर साखर किंवा जाम. माझी आई सोबत होती. तिने सुई हातात घेतली आणि शेजारच्या बाईंना काही विचारायची गरज पडली नाही.

रेल्वेचं म्हणाल तर मार्ग चालू आहे, मालक बदलत गेले. १९८६मध्ये नॉर्थ वेस्टर्नने तो विकला. २०१४पासून ट्रेसीच्या पश्चिमेचा हा टप्पा रॅपिड सिटी, पिअर अँड ईस्टर्नकडे आहे. प्रवासी गाडी केव्हाच गेली, धान्याचे डबे जातात.

पुन्हा जाणार असाल तर एक करा. टायलरहून आयव्हनहोला जा, काउंटीची कचेरी तिथे आहे. जमिनीची जुनी नोंदपुस्तकं बघायला मागा, ती सार्वजनिक असतात. १८८५ ते १८९०च्या पानांवर विषम सेक्शन शोधा. विकणार म्हणून रेल्वेचं नाव दिसेल, आणि घेणार म्हणून एकाखाली एक येन्सन, पीटरसन, हान्सन, सोरेन्सन. मग त्याच पानांवरून सम सेक्शनही बघा. पुढच्या वीस-तीस वर्षांत तिथेही हळूहळू तीच आडनावं येताना दिसली, तर कंपनीला न मिळालेली पांढरी घरं या लोकांनी एकेक करून कशी भरली ते तुम्हाला तुमच्याच डोळ्यांनी कळेल.